तांब्यातलं घड्याळ

“ह्येच्यात टाक.”

मोठीआईने तांब्या माझ्यापुढे खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ठेवला आणि मागे सरली. तांब्यात पाणी. वर तुळशीचं पान. गोमूत्राचा उग्र वास. माझ्या हातात घड्याळ होतं, चालणारं. मी नऊ वर्षांची.

मी विचारलं, पाण्यात? ती म्हणाली, टाक म्हणतंय मा. मी टाकलं.

एवढंच झालं होतं. पुढची चाळीस वर्षं गावाने ह्या गोष्टीचं जे काय करून सांगितलं, ते सगळं खोटं आहे.

नीट सांगते. आमची बौद्धवाडी सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या टोकाला, देवगडपासून आत. आंब्याच्या दिवसांत अख्खी वाडी मोठीआईच्या बागेत कामाला. मोठीआई म्हणजे बागेची मालकीण, विधवा बाई. सगळा गाव तिला मोठीआईच म्हणायचा. माझा बाप झाडावर चढून आंबे काढायचा. आई खाली मांगरात, म्हणजे बागेतल्या कौलारू शेडमध्ये, आंबे गवतात लावायची. मी तिच्या हाताशी. आंब्याला आमचा हात चालायचा हो. आमच्या हातचे आंबे मुंबईला जायचे, लोक चोखून खायचे, कोणी बाटत नव्हतं. पेट्यांवर कधी कोणी तुळशीचं पाणी शिंपडलेलं मी बघितलं नाही.

मोठीआईचा मुलगा अण्णा. मुंबईला नोकरीला होता, रजेवर आलेला. त्याच्या हातात नवीन घड्याळ, बाहेरून आणवलेलं. पेट्या भरताना बघायला तो मांगरात येऊन बसला, घाम आला म्हणून घड्याळ काढून पालथ्या पेटीवर ठेवलं आणि तसाच जेवायला घरी गेला. ते घसरून गवतात पडलं. बायकांच्या पायाखाली येणार, तेवढ्यात मी उचललं.

उचललं आणि कानाला लावलं. खोटं कशाला बोलू? लावलं. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि मला एवढा आनंद झाला की मी आईच्याही कानाला लावलं. आई घाबरली. म्हणाली, धावत जा आणि देऊन ये. मी धावत गेले. खळ्याच्या कडेला थांबले, आम्ही तिथेच थांबायचो, आणि हाक मारली. पुढचं तुम्हाला सांगितलंच. त्यात तुळशीच्या पानाने विटाळ फिटला आणि घड्याळ बुडालं.

अण्णा दुपारची झोप काढून उठला, तोवर मी खळ्याच्या कडेलाच होते. तांब्यातून घड्याळ काढलं. काच धुकटलेली, काटे थांबलेले. त्याने आईकडे बघितलं. मग तांब्याकडे. मग माझ्याकडे. त्याला कळलं. मी त्याच्या तोंडावर बघितलं की त्याला कळलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईला काय बोलणार? चार माणसांत आईला वेडी म्हणणार? मग तो ओटीच्या कडेला आला आणि त्याने माझ्या बापाला हाक मारली.

“तुझ्या चेडवान माझा घड्याळ मारल्यान.”

बाप झाडावरून उतरून आला. हातांवर चिकाचे चट्टे. मी ओरडून सांगितलं, मोठीआईने सांगितलं म्हणून. वाक्य पुरं व्हायच्या आत बापाचा हात माझ्या तोंडावर बसला. ओठ फुटला. मग तो म्हणाला, कान धर. मी कान धरले. सगळे गडी, सगळ्या बायका बघत होत्या. माझी आईपण. बाप लांबून हात जोडून उभा. मी कान धरून उभी. मोठीआई तांब्या घासायला विहिरीवर गेली.

अण्णाने माफ केलं. “जाऊ दे, पोर आहे,” म्हणाला. त्यावर गडी आपसांत म्हणाले, बघा, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळी देणाऱ्याचं कौतुक.

घरी जाताना बाप पुढे चालत होता. पाणंदीत थांबला. मागे न बघता बोलला.

“बाय, माका म्हायत आसा. तुजा काय चुकूक नाय. पण उद्या माका झाडार चढाचा आसा.”

मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही, आठवत नाही. भाऊ विलास तेव्हा झोळीत होता. त्याला ह्यातलं काही माहीत नाही.

गावाने मला नाव ठेवलं. घड्याळमारी.

आमच्या भागात माणसाला नाव चिकटलं की ते सरणावर जाईपर्यंत सुटत नाही. शाळेत शेजारची मुलगी कंपासपेटीवर हात ठेवायची आणि म्हणायची, हात लावू नको गो, बंद पडात. वर्गातलं घड्याळ बंद पडलं तर गुरुजी माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. जामसंड्याच्या हायस्कुलात गेले, नाव माझ्याआधी तिथे पोचलेलं. लग्नात वरातीतल्या कोणीतरी नवऱ्याला सांगितलं, घड्याळ काढून ठेव रे. सगळे हसले. मीपण हसले. हसलं की लवकर संपतं, हे मी शिकले होते.

ह्या नावाने आणखी एक केलं. मी कधी घड्याळ घातलंच नाही. नर्सिंगला गेले, सगळ्या मुलींच्या हातात घड्याळं, कारण नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजायचे. पुढे मोबाईल आला. मेट्रन बाईंनी विचारलं, तर पट्ट्याने अंगावर पुरळ येतं म्हणून सांगितलं. नर्स बाई आणि घड्याळाला घाबरते! हसू येतं ना? मला येत नव्हतं. खोल कुठेतरी मला वाटायचं की मी घातलं तर ते खरंच बंद पडेल.

नोकरी सरकारी दवाखान्यात लागली. काम म्हणजे दुसरं काय, हात लावणं. ज्यांच्या पायऱ्या माझी आई जन्मात चढली नाही, त्यांच्या सुनांची बाळंतपणं मी केली. पोरं ह्या हातांवर आली आणि ह्याच हातांनी मी त्यांना पहिल्यांदा रडवलं. तेव्हा कोणी तांब्या पुढे केला नाही. कळा सुरू झाल्या की जात आठवत नाही. घरी गेल्यावर आठवते. बारशाचं बोलावणं मला क्वचितच आलं.

मोठीआई म्हातारी होऊन गेली. अण्णा निवृत्त होऊन मुंबईहून कायमचा गावी आला. त्याला रक्तदाब. विलास त्याचीच बाग सांभाळतो, फवारणीपासून काढणीपर्यंत सगळं, दर वर्षी बोलणी करून. तर विलास म्हणाला, ताय, अण्णांचं प्रेशर जाता-येता बघत जा. मी बघायला लागले. मला ओटीवर बसायला मिळायचं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. चहा मिळायचा. अण्णाला कपबशीत, मला कागदी कपात. आमच्या आजीला करवंटीत मिळायचा. आता कागदी कप आहे. स्वच्छ, सुटसुटीत, पिऊन झाला की आपला आपण नेऊन टाकायचा. नावं ठेवायला जागा नाही.

एक दिवस त्याच्याकडे मुंबईचे पाहुणे होते. मी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते. तो पाहुण्यांना म्हणाला, “ही आमची घड्याळमारी. लहानपणी हिने नुसता हात लावला आणि माझं इम्पोर्टेड घड्याळ खलास. आता माझं हृदय बंद पाडू नकोस म्हणजे झालं.”

सगळे हसले. एक बाई तर डोळे पुसेपर्यंत हसली.

आणि मी हसले. एकोणपन्नास वर्षांची, दवाखान्यात इन्चार्ज, माझ्या शब्दावर वॉर्ड चालतो, आणि मी हसले. सवयीने. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्याची नाडी मोजली, आकडा सांगितला, कागदी कप उचलला आणि बाहेर आले. स्कूटरवर बसले आणि मला स्वतःची किळस आली. त्याची नाही. माझ्या हसण्याची. त्याच दिवशी ठरवलं, घड्याळ घ्यायचं. साधं नाही. चांगल्यातलं चांगलं, त्याच्या त्या घड्याळाच्या वरचं.

घरी सांगितलं. आमचे हे शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. शांत माणूस. म्हणाले, मोबाईलात वेळ दिसते, मग घड्याळ कशाला? मी म्हटलं, वेळ बघायला नको आहे. मग म्हणाले, सोन्याची पाटली कर, अडल्यानडल्याक मोडूक तरी येता. खरं होतं. आमच्यात बाईने पैसा खर्च करायचा तो सोन्यावर, तोही मोडण्याच्या तयारीने. जे मोडायचं नाही, विकायचं नाही, नुसतं हातात घालायचं, ते आम्हाला शोभत नाही. मी वाद घातला, पण माझंच मला पटवता येत नव्हतं.

वाडीत बातमी फुटली. विहारात एक जाणते काका म्हणाले, बाय, तेवढ्यात विहाराचे पत्रे बदलून झाले असते. हे लागलं. मी विहाराला दिलं नव्हतं का? दिलं होतं. वाडीतल्या दोन मुलींच्या फिया भरल्या होत्या. पण ते तिथे सांगायला लागले आणि मधेच माझी मलाच लाज वाटली. अण्णाच्या घड्याळाचा जाब कोणी कधी मागितला होता? मला मात्र आधी पुण्य दाखवायचं आणि मग हात पुढे करायचा.

तरी मनात खुपत होतंच. हे खूळ त्यांचंच ना, जे मला लागलंय? मनगटावर श्रीमंती बांधून फिरायचं, लोकांनी बघावं म्हणून. मी अण्णा व्हायला निघाले काय? ह्याचं उत्तर आजही माझ्याकडे धड नाही. थोडं विष चढलं असेल. ज्या वस्तूवरून चाळीस वर्षं जोडे खाल्ले, त्या वस्तूचा लोभ सुटतो. मी काही साध्वी नाही.

पणजीला गेलो, हे आणि मी. काचेचं दुकान, आत थंडगार. मी चप्पल काढायला वाकले तर ह्यांनी हळूच कोपर मारलं. काउंटरवरच्या मुलाने आधी ह्यांना विचारलं, सर, तुमच्यासाठी? हे म्हणाले, बाईंसाठी. मग त्याने खडे लावलेली नाजूक घड्याळं काढली. काढण्याआधी पांढरे हातमोजे घातले. मी माझे हात मागे घेतले. तो म्हणाला, काचेवर डाग पडू नयेत म्हणून मॅडम, सगळ्यांसाठीच. मी म्हटलं, बरं. त्या पोराला काय सांगायचं होतं?

मी खडेवालं नको म्हटलं. साधं हवं, काटे दिसतील असं. आणि कानाला लावून बघायचंय. तो हसला. मॅडम, ही बॅटरीवरची, ह्यांचा फारसा आवाज नाही येणार. मग आतून एक घेऊन आला. पांढरी तबकडी, काळे काटे, पोलादी पट्टा. माझ्या तळहातावर ठेवलं. मी कानाला लावलं.

तोच आवाज होता.

तो मुलगा सांगत होता, ह्याला सेल नाही मॅडम. चावी द्यायची नाही. हातात घातलं की हाताच्या हालचालीवर चालतं. काढून ठेवलं तर दोन दिवसांत बंद.

मी म्हटलं, परत सांग.

त्याने परत सांगितलं. हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांना सगळं माहीत. मी मोठ्याने हसले, एवढ्या मोठ्याने की दुकानातली माणसं वळली. आणि मग रडायलाच आलं. पदराने डोळे पुसले तर पदर पुरेना. तो मुलगा बिचारा घाबरून पाणी घेऊन आला, काचेच्या ग्लासात.

मी एकच प्रश्न विचारला. पाण्यात टाकलं तर?

“काही होत नाही मॅडम. पोहायला गेलात तरी चालेल.”

“गोमूत्रात?”

त्याला वाटलं मी गंमत करते. हे म्हणाले, घे गो, बांध. पाटलीचं बोलणं त्यांनी परत काढलं नाही. किंमत मी कोणाला सांगितली नाही, इथेही सांगत नाही.

पहिले काही दिवस मी मनगटावर पदर घेऊन फिरायचे. सकाळी उठले की आधी कानाला लावायचे. चालत असायचं. माझ्या हातावर, माझ्या हाताने चालत असायचं. तरी धास्ती जाईना.

विलासने बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. ताय, अण्णांकडे जाताना काढून ठेव, म्हणाला. मी विचारलं, कित्याक? तो म्हणाला, बागेचं ह्या वर्षीचं बोलणं चालू आहे, त्यांना उगाच डिवचल्यासारखं होईल. माझ्या हातातलं घड्याळ आणि अण्णाला डिवचल्यासारखं! पण तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या घराची चूल त्या बागेवर आहे. तरी मी ते काढून ठेवलं नाही.

गेले तेव्हा अण्णा ओटीवर होता. खळ्यात विलास आणि फवारणीचे दोन गडी. मी पट्टा गुंडाळला, नाडी धरली आणि माझ्या घड्याळात बघून मोजली. पहिल्यांदा. अण्णाने तबकडीवरचं नाव वाचलं. त्याला अशा गोष्टी कळतात. खरं आहे का हे, विचारलं. मी म्हटलं, खरं. दुबईला कोण आहे का तुमचं? मी म्हटलं, कोणी नाही, माझा पगार आहे. मग त्याने हात पुढे केला. काढ, बघू दे.

खळ्यातून विलास माझ्याकडे बघत होता.

मी काढलं नाही. मनगट त्याच्या कानाजवळ नेलं. तो दचकला, पण त्याने ऐकलं.

दवाखान्यात मी शुद्ध बोलते. त्याच्यासमोरही आजपर्यंत शुद्धच बोलत आले. त्या दिवशी माझ्या तोंडून माझी भाषा आली.

“चालता मा? माझ्या हातारच चालता. आता ऐका. तुमच्या आवशीन तांब्यो ठेवल्यान. ह्येच्यात टाक म्हटल्यान, म्हणून मी टाकलंय. तुमका त्याच दिवशी कळलेला. मी तुमच्या तोंडार बघलेला.”

गडी फवारणीचा पाइप हातात धरून उभे. अण्णा म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. आणि एवढी जुनी गोष्ट, ती तर आपली गंमत होती.

मी म्हटलं, “गंमत तुमची. कान मी धरलेले. परत माका घड्याळमारी म्हणूचा नाय.”

नाही तो म्हणाला नाही. खोटं आहे, असंही म्हणाला नाही. चहा आला होता, कागदी कप. मी तो तसाच ठेवून उठले. पायऱ्या उतरले. त्याने मागून हाक मारली ती मला नाही. म्हणाला, विलास, बहिणीला समजव जरा.

बाग ह्या वर्षी दुसऱ्याला गेली. अण्णाने कारण सांगितलं नाही. मोठ्या मनाच्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. वाडीतल्या काही बायका माझा हात धरून घड्याळ कानाला लावून बघतात आणि लहान पोरींसारख्या हसतात. काही जणी म्हणतात, हिला काय, सरकारी पगार आहे, भोगायला भाऊ आहे. दोन्ही खरं आहे. भावजय बोलत नाही. मी विलासला म्हटलं, दुसरी बाग बघू, तोवर तुझं घर मी चालवते. त्याने मान खाली घातली. त्याला भीक नको होती, त्याला त्याची झाडं हवी होती. ती कलमं त्याने स्वतःच्या हाताने वाढवली आहेत.

परवा तो आला. उंबऱ्यातच बसला. म्हणाला, एकदा जाऊन सांग गो, चुकला म्हणून. दोन शब्द. अण्णा म्हणतत, ती येऊन बोलली तर मी झाला-गेला इसारतंय. मग तो पायाकडे बघत बोलला.

“ताय, माका म्हायत आसा, तुजा काय चुकूक नाय. पण उद्या माका झाडार चढाचा आसा.”

तेच वाक्य. शब्दाला शब्द. त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. तो झोळीत होता. बापाने ते त्याला शिकवलं नव्हतं, कोणीच शिकवलं नव्हतं, तरी ते त्याच्या तोंडात तयार होतं. बापावरचा माझा राग त्या क्षणी गेला आणि त्याच्या दुप्पट राग त्या ओटीवर जाऊन बसला.

मी विलासजवळ खाली बसले. त्याला सगळं सांगितलं. मांगर, गवत, तांब्या, तुळशीचं पान, फुटलेला ओठ. तो ऐकत राहिला. शेवटी त्याने विचारलं, मगे जातंस काय?

नाय, म्हटलं. जाणार नाही. तुझी बाग गेली ती माझ्यामुळे गेली, ते ओझं मी वाहीन. तू बोलला नाहीस तरी चालेल. पण मी चुकले, हे शब्द त्या खळ्यात माझ्या तोंडून पडणार नाहीत, आणि तुझ्या मुलीच्याही तोंडून मी ते पडू देणार नाही. तो उठला आणि गेला. अजून आलेला नाही.

दवाखान्याचा रस्ता त्या खळ्यासमोरूनच जातो. दुसरा आहे, लांबचा. मी त्याने जात नाही. रोज सकाळी मी तिथून जाते, मनगटावर पदर न घेता. अण्णा ओटीवर असतो. मान वळवतो. त्याने वळवावी. माझे हात आता कान धरायला जाणार नाहीत.